विहिरीतलं दूध

फार फार मागची गोष्ट. तेव्हा राजा होता, पण तो लांब होता. त्याची स्वारी या गावात कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि न आल्याने कुणाचं काही अडलंही नव्हतं.

गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि डोंगर चुनखडीचा. त्यामुळे निम्मं गाव दगड फोडायचं आणि उरलेलं निम्मं भट्टीवर चुना भाजायचं. चुन्याने भिंती पांढऱ्याशुभ्र होतात, पण माणसांचे हात फुटतात. हिवाळ्यात तर भाकरीचा तुकडा मोडायला गेलं तरी बोटांच्या भेगा झोंबायच्या. गावात कुणी कुणाला हात दाखवून रडत नसे, कारण सगळ्यांचे सारखेच.

याच गावात एक घर होतं, आणि त्या घरात दुधाचा साबण व्हायचा.

आता तुम्ही म्हणाल, दुधाची खीर होते, खरवस होतो, पण साबण? होतो हो. चांगला होतो. सज्जीखार आणि चुना पाण्यात कालवून आठ दिवस ठेवायचा आणि वरची निवळी अलगद काढून घ्यायची. हे झालं खारपाणी. त्याचा थेंब हातावर पडला तर कातडी भाजते, म्हणून त्याच्याशी जरा अदबीने वागावं लागतं. हे खारपाणी शेळीच्या दुधात धार धरून सोडायचं, मग त्यात कोमट तेल ओतायचं, थोडं खोबरेल, थोडं करंजेल, थोडं एरंडेल. आणि ढवळत बसायचं. श्रीखंडासारखं दाट झालं की केळीचं पान घातलेल्या लाकडी साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या पाडायच्या आणि फळीवर मांडून चाळीस दिवस त्यांच्याकडे बघत राहायचं. तोवर हात लावायचा नाही. घाई केलीत तर तोच साबण तुम्हाला भाजेल.

चाळीस दिवसांनी मात्र ती वडी लोण्यासारखी हाताला लागायची. फुटलेले हात आठवड्यात मऊ पडायचे. म्हणून गावात रीतच पडली होती की, कुणाकडे पाळणा हलणार असला की दोन महिने आधी त्या घरी सांगावा जायचा. मूल बारा दिवसांचं झालं की त्याला साबणाचं पहिलं न्हाणं घालायचं, ते या घरच्या वडीने.

घरात दोघी जावा होत्या. नावं होती त्यांना, आई-बापांनी हौसेने ठेवलेली. पण गाव एकीला थोरली म्हणायचं आणि दुसरीला धाकटी, तेव्हा आपणही तेच म्हणू.

साबण थोरलीचा. त्यात तिचा मोठा हातखंडा. दारात आलेल्या कुणाला तिने रिकाम्या हाताने पाठवलं नाही. म्हातारी भट्टीवाली आली, दे वडी. वाटसरू पाय धुवायला थांबला, दे वडी. तिच्या मनाचा मोठेपणा गावाने किती सांगावा! फक्त एक गोष्ट ती देत नसे. ती कोणती, ते तिचं तिला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही सांगतो.

दूध गार लागतं. थंडगार. कोमट दुधात खारपाणी पडलं की दूध जळतं, पिवळं होतं, मग नारिंगी, मग तपकिरी, आणि असा उग्र वास सुटतो की शेजारची मांजरंसुद्धा घर सोडून जातात. म्हणून थोरली तिन्हीसांजेला गुपचूप न तापवलेल्या दुधाचं मडकं दोराने विहिरीत सोडायची, पार पाण्याला टेकवून. पहाटे धाकटी शेळ्यांच्या गोठ्यात गुंतलेली असली की ते वर काढायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि चुलीपासून लांब ठेवायची. साबण करताना धाकटी शेजारी बसलेली असायचीच. तेल मापून द्यायची, खारपाणी गाळून द्यायची, ढवळून ढवळून तिचे दंड भरून यायचे. पण दुधाच्या वेळी थोरली म्हणायची, "सरक मागे, उडेल अंगावर." आणि दूध स्वतः ओतायची.

"अक्का, दूध कसं घ्यायचं?" धाकटी विचारायची.

"चांगलं घ्यायचं," थोरली म्हणायची.

यात खोटं काही नव्हतं. थोरली खोटं बोलणारी बाई नव्हतीच.

धाकटीला या घरात येऊन सहा हिवाळे झाले होते. दर हिवाळ्यात थोरली तिला एक लहानसा घाणा तिच्या हाताने काढू द्यायची. धाकटी उत्साहाने बसायची. आता या गावात न तापवलेलं दूध कुणी वापरत नसे. दूध घरात आलं की आधी चुलीवर, एकदा उतू जाऊ द्यायचं, मग पुढचं. न तापवलेलं दूध घरात ठेवणं म्हणजे बाईचा गबाळेपणा. धाकटी बिचारी चांगल्या घरची, दूध नीट तापवायची. आणि अक्का गुंडाळतात म्हणून त्या गरम मडक्याला आपणही ओलं फडकं गुंडाळायची!

सहा हिवाळे, सहा घाणे, सहाही जळाले. मांजरं सहा वेळा घर सोडून गेली.

गाव काही दुष्ट नव्हतं, पण गावाला तोंड असतं. "एकेकीच्या हाताला गुण नसतो," बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. धाकटीने ते ऐकलं आणि मान्य करून टाकलं. तिने भांडण केलं नाही, रुसली नाही. तेवढ्यापुरती हसायची आणि शेळ्या सोडून डोंगराकडे निघून जायची.

थोरलीला हे दिसत नव्हतं असं नाही. पण तिच्या मनात एक हिशोब पक्का होता. ती सून होऊन आली तेव्हा साबण सासूच्या हातात होता. तिचेही सात घाणे जळले होते. सात! तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग एका हिवाळ्यात, सकाळी पाण्याला गेली असताना, विहिरीत दोराला बांधलेलं दुधाचं मडकं तिला दिसलं. कुणीतरी विसरलं असणार. घाईत तिने ते न तापवताच वापरलं, आणि घाणा निघाला तो मोगऱ्यासारखा पांढरा. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. सासूने वडी हातात घेऊन इतकंच म्हटलं होतं, "जमलं हो तुला."

"मी माझ्या नशिबाने आणि माझ्या अकलेने मिळवलं," थोरली मनाशी म्हणायची. कधी कधी तर चंद्रीला मोठ्याने सांगायची. चंद्री म्हणजे तिची सगळ्यात म्हातारी शेळी. "मला कुणी आयतं दिलं? मग मी का द्यावं? तिलाही सापडेल. सापडायचं तेव्हा सापडेल."

दुसऱ्या गोष्टींमधल्या शेळ्या अशा वेळी काहीतरी शहाणपणाचं बोलतात. चंद्री बाभळीच्या शेंगा चावत राहिली.

त्या वर्षी थोरलीची लेक मैना बाळंतपणाला माहेरी आली. हे तिचं दुसरं. पहिलं सासरी झालं होतं, लांबच्या गावात. तिथे बाळाला कुठल्या कुठल्या जहाल साबणाने न्हाऊ घातलं आणि त्या कोवळ्या कातडीला पाणी लागलं तरी झोंबायचं. पोर हिवाळाभर रडलं आणि मैनाही त्याच्याबरोबर रडली. या वेळी माहेरच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच ती म्हणाली, "आई, या बाळाला आपलाच साबण हं. मी त्यासाठीच आलेय."

"म्हणजे माझ्यासाठी नाहीस आलीस," थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मैनाला दोन महिने अवकाश होता. फळीवर एकही वडी उरलेली नव्हती. पावसाळ्यात वड्यांना पाणी सुटतं, म्हणून साबण फक्त थंडीत व्हायचा आणि गेल्या वर्षीचा तर गावाने केव्हाच संपवला होता. पण काळजीचं कारण नव्हतं. खारपाणी दोन मोठ्या घाण्यांपुरतं निवळून तयार होतं, तेल आलं होतं, थंडी पडायला लागली होती. थोरलीने सांजेला मडकं विहिरीत सोडलं आणि पहाटे काढायला गेली.

विहिरीच्या पायरीवर शेवाळ होतं. ते कालही होतं आणि परवाही होतं, पण त्या दिवशी थोरलीचा पाय त्यावर पडला. मडकं फुटलं, दूध पाण्यात गेलं आणि थोरलीचं उजवं मनगट मोडलं.

वैदूने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात बांधला. "चाळीस दिवस हात हलवायचा नाही," तो म्हणाला.

थोरलीने मनातल्या मनात दिवस मोजले. हाडाला चाळीस दिवस, मग साबण केला तर त्याला चाळीस दिवस. तोवर नातवंड बारा दिवसांचं नाही, वीस दिवसांचं होऊन बसेल. थांबणं शक्यच नव्हतं. साबण दुसऱ्याच हाताने व्हायला हवा होता, आणि मैना अवघडलेली, तेव्हा घरात दुसरा हात एकच होता.

पण थोरलीने त्यातूनही वाट काढली. सांजेला तिने नवऱ्याला बोलावलं. तो भट्टीवाला, शब्द मोजून वापरणारा माणूस. "अहो, हे दुधाचं मडकं जरा विहिरीत सोडा. दोर बांधून, पाण्याला टेकेल असं. पहाटे भट्टीवर जाण्याआधी काढून फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवा."

"पुन्हा?" तो म्हणाला.

"पुन्हा काय? पहाटे मी पडले ना, म्हणून तुम्हाला सांगतेय."

तो मडकं घेऊन गेला. थोरलीला वाटलं, झालं काम. दूध गार होईल, धाकटी समोर बसून मी सांगेन तसं करेल, साबण होईल, आणि तिला कळणारही नाही. आपल्या या हुशारीवर ती इतकी खूश झाली की हात ठणकत असूनही तिला लगेच झोप लागली. वैदूचं औषधही गुंगीचं होतं. सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा ती जागी झाली.

धाकटीने सगळी तयारी करून ठेवली होती. तेल कोमट केलेलं, साच्यात केळीचं पान घातलेलं, दुधाच्या मडक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. मैना पोटावर हात ठेवून कोपऱ्यात कौतुकाने बसली होती. थोरली पाटावर टेकली. "हं," ती म्हणाली, "बारीक धार धर. घाई नको."

धाकटीने देवाचं नाव घेतलं आणि खारपाणी सोडलं.

दूध पिवळं झालं. थोरली पाटावरून अर्धी उठली. दूध नारिंगी झालं, फाटलं, त्याच्या गुठळ्या तरंगायला लागल्या, आणि तो ओळखीचा वास घरभर पसरला. मैना नाकाला पदर लावून बाहेर धावली.

"अगं, दुधाचं केलंस काय?" थोरली ओरडली.

"काय केलं? तापवलं," धाकटी घाबरून म्हणाली. "सकाळी बघते तर दूध तसंच होतं, न तापवलेलं. रात्री तापवायचं राहून गेलं असेल म्हटलं. बाळाचा साबण, त्याला कच्चं दूध कसं चालेल? नीट उतू जाऊ दिलं, अक्का. काही चुकू नये म्हणून दोनदा तापवलं."

थोरलीला बोलता आलं असतं. तिथेच, तेव्हाच. नुसतं 'दूध गार लागतं' एवढंच म्हणायचं होतं. पण सहा वर्षं न बोललेले शब्द एकदम तोंडातून निघत नाहीत. ती गप्प बसली.

धाकटीने त्या गप्प बसण्याचा अर्थ तिच्या परीने लावला. तिने जळलेलं दूध उचललं, परड्यात नेऊन खड्ड्यात ओतलं, भांडं राखेने तीनतीनदा घासलं. मग पदराला हात पुसत मैनाजवळ गेली.

"मैना, खारपाणी अजून एका घाण्यापुरतं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता मी नको गं. कुणा शेजारणीला बोलाव. माझ्या हातात काहीतरी खोट आहे, ती बाळाला कशाला लागायला हवी?"

मैना "काकू, असं काय बोलता," म्हणाली.

थोरलीने हे सगळं आतून ऐकलं. दुपारी तिने जेवणावर लक्ष नसल्यासारखी भाकरी कुस्करली आणि ताट बाजूला सारलं. मनगट दुखत होतं, पण ते दुखणं निराळं होतं, आणि हे निराळं. मनगटाला कामट्या तरी बांधता येतात.

दुपार कलल्यावर नवरा भट्टीवरून आला. हातपाय धुऊन ओट्यावर बसला. त्याला घरातला वास आला असणार, कारण तो वास गावाच्या वेशीपर्यंत गेला होता. पण त्याने एवढंच विचारलं, "मडकं आजही सोडायचं का?"

"सोडा," थोरली म्हणाली. मग तिला आठवलं. "काल तुम्ही 'पुन्हा' का म्हणालात हो?"

"आईने सोडायला लावलं होतं ना एकदा."

"कोणाला?"

"मलाच. तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली असतील. असाच हिवाळा होता. म्हणाली, रे, दुधाचं हे मडकं विहिरीत सोडून ये, आणि सकाळी काढू नकोस. सून पाण्याला जाईल तेव्हा तिला दिसू दे."

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि कशासाठी ते नाही सांगितलं?"

"मी विचारलं. तर म्हणाली, सांगितलं तर ही घ्यायची नाही. मानी पोर आहे. सापडलं तर जपेल." तो जरा हसला. "म्हणजे काय ते मला काही कळलं नाही. आईने सांगितलं, मी सोडलं. तुला दिसलं का कधी ते मडकं?"

थोरलीला एकदम ते जुने दिवस दिसले. नवी सून म्हणून ती या घरात आली, तेव्हा सासू तिला हाताला धरून साबणाच्या पाटावर घेऊन बसली होती. आणि ती तोऱ्यात म्हणाली होती, "मला सांगू नका सासूबाई, मी बघून शिकेन." बघून कसली शिकतेय? सासू पहाटे विहिरीवरून मडकं घेऊन यायची आणि ही उन्हं वर आल्यावर उठायची! सात घाणे जळेपर्यंत त्या बाईने वाट बघितली, आणि तरी सुनेचा मान राखून, तिला कळू न देता, विहिरीत तिच्या नजरेसमोर सगळं आयतं ठेवलं. आणि वर नुसतं म्हणाली, "जमलं हो तुला."

वीस वर्षं थोरली ज्याला आपली अक्कल समजत होती, ते आयतं मिळालेलं होतं. तिला लाज वाटली. खरोखरची, कान गरम करणारी लाज. आणि गंमत म्हणजे त्या लाजेबरोबर तिला थोडं हलकंही वाटलं. जे आपण कमावलंच नाही, ते मुठीत धरून बसायची मेहनत तरी कशाला?

ती उठली. डाव्या हाताने दुधाचं मडकं कमरेवर घेतलं आणि हाक मारली, "धाकटे, चल जरा माझ्याबरोबर."

"कुठे, अक्का? तो हात..."

"चल म्हणते ना."

ऊन अजून पिवळं होतं. दोघी विहिरीवर आल्या. थोरली कठड्यावर बसली आणि तिने एका दमात सांगून टाकलं. गार दूध, दोर, पहाट, ओलं फडकं, सगळं. सासूचं मडकंसुद्धा सांगितलं. "तुझ्या हातात खोट नाही," ती शेवटी म्हणाली. "हात तुझा माझ्याहून बरा आहे. खोट माझ्या तोंडात होती. मी मुद्दाम बोलले नाही."

तुम्हाला वाटेल, धाकटीने लगेच तिच्या गळ्यात हात टाकले. नाही टाकले. ती कठड्याला टेकून विहिरीत बघायला लागली.

"सहा वर्षं, अक्का," ती म्हणाली. "कुणाच्या घरी बाळ उचलून घ्यायचं झालं तर मी आधी पदराला हात पुसायचे. आपल्या हाताचं काही लागू नये त्याला, म्हणून. मला स्वतःचं मूल नाही, ते बरंच झालं असंही कधी कधी वाटायचं."

थोरली मान खाली घालून रडली, आणि कामट्या बांधलेल्या हाताने डोळे पुसता येईनात म्हणून आणखीच रडली.

धाकटीने शेवटी आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. जरा जोरातच पुसले. मग म्हणाली, "द्या ते मडकं इकडे. दोर किती सोडायचा?"

"पाण्याला टेकेल इतका. वर गाठ पक्की बांध."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पाटावर बसली. या वेळी दूध तिनेच विहिरीतून काढलं होतं. मडक्याला हात लावला की बोटं बधिर व्हावीत इतकं ते गार होतं. थोरली मागे बसली होती, पण पुढे सरकली नाही. धाकटीने बारीक धार धरली. दूध पांढरंच राहिलं. तिने थोडं आणखी सोडलं, श्वास रोखून. पांढरंच. नुसती सायीची झाक आली त्यावर.

"अक्का," धाकटी हळूच म्हणाली.

"बघू नकोस माझ्याकडे, दुधाकडे बघ," थोरली म्हणाली. मग तेल पडलं, ढवळणं सुरू झालं, आणि दुपार व्हायच्या आत साच्यात श्रीखंडासारखा दाट साबण बसला होता. शेजारचं मांजर दारात येऊन निवांत झोपलं.

वड्या फळीवर गेल्या. धाकटी रोज उठून त्यांच्याकडे बघायची, मग थोरली बघायची, मग मैना. चाळिसाव्या दिवशी धाकटीने एका वडीच्या कडेला जिभेचं टोक लावलं. साबण कच्चा असला तर जिभेला चटका बसतो. ती तशीच उभी राहिली, जीभ बाहेर काढून, तर मैनाला हसू आवरेना.

"चटका नाही!" धाकटी म्हणाली, आणि ती स्वतःही हसायला लागली.

मैनाला मुलगी झाली. बारा दिवसांनी न्हाणं होतं. रीतीने ते थोरलीने घालायचं, आजी ना ती. पण ती म्हणाली, "माझं मनगट अजून वळत नाही. जिने साबण केला, ती घालेल." धाकटी पाय लांब करून बसली. बाळ तिच्या पायांवर ठेवलं. सवयीने तिचा हात पदराकडे गेला, आणि मध्येच थांबला. हात न पुसताच तिने वडी ओली केली, फेस केला आणि बाळाच्या अंगावरून फिरवला. बाळ थोडं कुरकुरलं, मग गप्प झालं, आणि न्हाणं पुरतं होण्याआधी तिच्या पायांवरच झोपी गेलं.

थोरलीचं मनगट पुढे कधी सरळ झालं नाही. तिला परत साबण ढवळता आला नाही. तिने तोंड शिवून ठेवलं असतं तर गावाचा साबण त्या शेवाळाच्या पायरीवरच संपला असता. पण संपला नाही. पाणवठ्यावर ज्या बायका धाकटीच्या हाताबद्दल बोलायच्या, त्याच आता साबण शिकायला तिच्याकडे यायच्या, आणि धाकटी त्यांना विचारायची, "दूध गार केलंत का?" काही वर्षांनी तर हिवाळ्यात सांजेला त्या विहिरीत इतकी मडकी लोंबायची, की पाणी शेंदायचं तर आधी चार दोर बाजूला करावे लागत. थोरली कठड्यावर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवायची, आणि कुणाची गाठ सैल असली तर रागवायची.

आपल्याला कुणीतरी दिलेलं ज्ञान आपण पुढे दिलं, तरच ते टिकतं.